काशीतली गोदावरी

काशीस बदली झालेल्या मराठी माणसाच्या घरी पाहुण्यांची वाण पडत नाही. इतर गावी असताना वर्षानुवर्षे पत्र न पाठविणारी मंडळी काशीचा पत्ता कळताच तत्परतेने खुशाली विचारू लागतात, आणि आमच्यासारख्या कारकुनाला कचेरीचे काम सांभाळून निम्मे तीर्थोपाध्येपण पत्करावे लागते. ही तक्रार नव्हे. या पाहुण्यांच्या निमित्ताने गाव पायांखाली येते आणि त्यांच्या प्रश्नांमुळे आपल्या ज्ञानातील भोके आपल्यालाच दिसू लागतात. प्रस्तुत लेखाचा उगम अशाच एका प्रश्नात आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात आमच्या मावशी नाशिकहून आल्या. वय सत्तरीपलीकडचे. पंचवटीत सारा जन्म गेलेला, गोदेचे दर्शन घेतल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचे नाही हा नेम. त्यांना दशाश्वमेध घाटावर नेत असता रिक्षा गोदौलियाच्या चौकात थांबली, कारण पुढे वाहनास वाट नाही. बनारसी शालूंची दुकाने, पानाच्या टपऱ्या, गर्दीतून वाट काढणारे यात्रेकरू आणि २०२१ साली उघडलेला तो बहुमजली वाहनतळ! वेळ घालविण्यासाठी आम्ही सहज म्हणालो, “मावशी, गोदौलिया हे नाव गोदावरीवरून पडले असे इथले लोक मानतात.” मावशींनी त्या गोंगाटातच हात जोडले आणि चारी बाजूंस पाहून विचारले, “अरे, मग ती आहे कुठे?”

आम्हास उत्तर देता आले नाही. पुढे सुट्टीच्या दिवशी ग्रंथालयातून पुस्तके आणून आणि गल्ल्याबोळांतून फिरून आम्ही ते शोधू लागलो. जे हाती लागले ते येथे मांडीत आहोत. गोदावरी नावाचा एक ओहोळ या ठिकाणाहून खरोखरच वाहत होता आणि दशाश्वमेधापाशी गंगेस मिळत होता. तो एकटाही नव्हता. काशीच्या पोटात तळी, कुंडे, पोखरे आणि ओहोळ यांचा एक मोठा परिवार नांदत होता, आणि आज आपण जिला काशी म्हणतो तिचा बराचसा भाग त्या परिवाराच्या अंगावर उभा आहे.

हे समजण्यास थोडी भूरचना ध्यानी घेतली पाहिजे. काशीपाशी गंगा उत्तरवाहिनी होते हे सर्वांस ठाऊक आहे. तिच्या पश्चिम काठावर कंकराचा, म्हणजे चुनखडीच्या खड्यांनी घट्ट झालेल्या मातीचा, उंच कणा आहे. घाट आणि जुनी वस्ती त्या कण्यावर आहे, आणि कण्याच्या मागे, पश्चिमेकडे, जमीन पुन्हा खाली उतरते. घाटावर उभा राहून नदीकडे पाहणाऱ्या यात्रेकरूस ही गोष्ट कधीच दिसत नाही, कारण त्याची पाठ तिकडे असते. पावसाचे पुष्कळसे पाणी त्यामुळे गंगेकडे न जाता मागच्या सखल पट्ट्यात उतरे आणि तेथे तळ्यांची एक माळ भरीत असे. उत्तरेस मत्स्योदरी, तिच्या दक्षिणेस मंदाकिनी, त्याखाली बेनियाचा तलाव, आणि तेथून कण्यातील एका खिंडीवाटे पूर्वेस वळून गंगेत उतरणारी गोदावरी. नगराच्या उत्तर सीमेवर वरुणा आणि दक्षिण सीमेवर असी. या दोन नद्यांच्या नावांवरून वाराणसी हे नाव सांगण्याची परंपरा आहे.

या रचनेतील सर्वांत विलक्षण गोष्ट भर पावसाळ्यात घडे. गंगेस मोठा पूर आला की तिचे पाणी वरुणेच्या मुखातून उलटे आत शिरे, तेथून मत्स्योदरीत चढे, मत्स्योदरी भरून मंदाकिनीत, मंदाकिनीतून बेनियात आणि शेवटी गोदावरीच्या वाटेने पुन्हा गंगेत येई. जुने ग्रंथ आणि भूरचना यांची सांगड घालून अभ्यासकांनी असा क्रम लावला आहे. त्या काही दिवसांत काशीचा मध्यभाग चहूंबाजूंनी गंगाजलाने वेढलेले बेट होई. या घटनेस मत्स्योदरी योग म्हणत आणि त्या वेळचे स्नान अत्यंत पुण्यप्रद मानीत. बाराव्या शतकात गाहडवालांच्या दरबारी असलेल्या लक्ष्मीधराने ‘कृत्यकल्पतरू’ रचला. त्यातील ‘तीर्थविवेचनकांडा’त मत्स्योदरीचे माहात्म्य आहे, आणि काशीखंडातही ते आले आहे. पुराकडे संकट म्हणून पाहण्याची सवय झालेल्या आम्हास या योगाची कल्पना वाचून प्रथम नवल वाटले. ज्या पुराला पंचांगात मानाचे स्थान आहे, त्याच्यासाठी नगरात जागाही राखून ठेवलेली असणार, हे उघड आहे.

येथे आपल्या लोकांचा संबंध सांगणे अस्थानी होणार नाही. पैठणहून, म्हणजे गोदातीराहूनच, आलेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांवर ‘त्रिस्थलीसेतू’ हा ग्रंथ सोळाव्या शतकात लिहिला. त्याच पैठणच्या एकनाथांनी आपले भागवत शके १४९५ मध्ये, म्हणजे इसवी सन १५७३ साली, काशीतच पूर्ण केले. या मंडळींस काशीत एक गोदावरी भेटली असेल तर त्यांना परके वाटले नसेल. दूरच्या तीर्थांना आपल्या अंगणात स्थान देणे ही तर काशीची रीतच आहे. येथे पुष्कर आहे, मंदाकिनी आहे, केदार आहे. महाराष्ट्रातून आलेल्या माणसासाठी गोदावरीही होती.

पुढे अठराव्या शतकात मराठी सत्तेचा पैसा काशीत मोठ्या प्रमाणावर ओतला गेला. अहल्याबाई होळकरांनी १७८० पर्यंत विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले. मणिकर्णिकेचे काम त्यांनी केले आणि त्यांच्या नावाचा घाटही आहे. नागपूरकर भोसल्यांचा घाट झाला, अमृतराव पेशव्यांचे बांधकाम झाले. बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधविलेला घाट तर इतका अवजड होता की तो आपल्याच भाराने खचला. हे घाट पाहून प्रत्येक मराठी माणसाचा ऊर भरून येतो आणि तो यावाही. तथापि एक गोष्ट नमूद केली पाहिजे. हे सारे वैभव नदीच्या दर्शनी बाजूस आहे. मागच्या सखल पट्ट्यातील तळ्यांच्या वाट्याला त्या मानाने फार थोडे आले. भदैनीच्या लोलार्क कुंडाच्या बांधकामाशी अहल्याबाईंचे नाव जोडले जाते, तो एक सुखद अपवाद. घाटावरचा दगड दात्याचे नाव सांगतो. तळ्यातला गाळ उपसण्याच्या कामाला मात्र शिलालेख कोठून मिळणार? नगराचे पोषण अशाच निनावी कामावर चालते आणि ते थांबले तरी पिढीभर कोणाच्या लक्षात येत नाही.

अशा वेळी, १८२० साली, जेम्स प्रिन्सेप नावाचा एक वीस-एकवीस वर्षांचा तरुण इंग्रज काशीच्या टांकसाळीत धातूंची पारख करणारा अधिकारी म्हणून आला. पुढे १८३७ साली ब्राह्मी लिपीचा उलगडा पूर्ण करून अशोकास पुन्हा बोलता करणारा प्रिन्सेप तो हाच. काशीत तो दहा वर्षे राहिला. १८२२ मध्ये त्याने नगराचा तपशीलवार नकाशा केला, घाटांची सुरेख चित्रे काढली आणि वस्तीची शिरगणतीही केली. त्यापूर्वी काशीत साडेपाच लाखांहून अधिक लोक राहतात असा अंदाज सांगितला जात असे. प्रिन्सेपच्या मोजणीत मूळ शहरात सुमारे १,८०,००० भरले. नेटका, कष्टाळू, गावावर मनापासून लोभ असलेला असा हा गृहस्थ होता.

त्याच्या नकाशात ही तळी दिसतात. आणि ती नाहीशी होण्यास आरंभही त्याच्याच हातून झाला! साचलेल्या पाण्यातून दूषित हवा निघते आणि तिच्यामुळे ताप येतो, असे त्या काळचे वैद्यक मानीत होते. भोवतीच्या दाट वस्तीची घाण तळ्यांत येत होती, उन्हाळ्यात ती आटून दुर्गंधी सुटत असे. प्रिन्सेपने शहराच्या पोटातून विटांच्या कमानीचा एक भूमिगत नाला काढला आणि त्यावाटे साचलेल्या तळ्यांचे पाणी वाहते केले. काम उत्तम झाले. दाट वस्तीला त्याचा तत्काळ लाभ झाला यात शंका नाही. आजही शहराखालून जाणारा जो शाही नाला आहे त्याचा संबंध काहीजण मोगल काळाशी लावतात, काहीजण प्रिन्सेपशी. त्याचे मूळ कोणाचेही असो, प्रिन्सेपच्या हातून तळ्यांचे पाणी निघाले आणि तळ्यांची जमीन उघडी पडली, एवढे निश्चित.

आम्ही प्रिन्सेपला खलपुरुष ठरवू इच्छीत नाही. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केले असते. किंबहुना आपल्यापैकी कित्येक अधिकारी आपापल्या ठाण्यावर आज हेच करीत असतील. त्याने समोर दिसणाऱ्या दुःखावर इलाज केला. मात्र पाणी साचते, तर ते येथेच का साचते, पावसाळ्यात कोठून येते आणि कोठे जाते, हा प्रश्न मागे राहिला. उलट्या पुराला आत येण्याची वाट आणि विसावण्याची जागा हळूहळू बंद झाली, आणि तिच्याबरोबर मत्स्योदरी योगही लोकांच्या व्यवहारातून गेला. आज मच्छोदरी हे एक उद्यान आहे आणि त्यात जुन्या सरोवराची आठवण सांगणारे थोडेसे पाणी. मंदाकिनीचे मैदागिन झाले. तेथे कंपनीबाग झाली आणि एका कोपऱ्यात लहानसे कुंड उरले. नागरी प्रचारिणी सभेच्या इमारतीकडे जाताना आम्ही कितीदा तरी त्या बाजूने गेलो असू, पण येथे कधी काळी सरोवर होते याची शंकाही आली नव्हती. बेनियाचा बेनियाबाग झाला आणि अलीकडे त्याच्या पोटात वाहनतळ आला. गोदावरी बुजली आणि तिच्या वाटेवर दशाश्वमेधाकडे जाणारा रस्ता झाला. अगस्त्यकुंड, मिसिर पोखरा, सोनिया पोखरा ही नावे आता पत्त्यात लिहावयाची आहेत, त्यात पाणी शोधावयाचे नाही.

तळ्यांच्या इतिहासातील दुसरा महत्त्वाचा टप्पा नळाचा. १८८६ साली काशी गंगाप्रसादिनी सभा स्थापन झाली. गंगेत घाण जाऊ नये आणि नगरास शुद्ध पाणी मिळावे यासाठी स्थानिक धनिकांनी व प्रतिष्ठितांनी हे पाऊल उचलले होते. पुढे भदैनीला गंगेचे पाणी उपसून भेलूपुरास शुद्ध करावे अशी योजना झाली. १८९१ च्या एप्रिलमध्ये भदैनीच्या उपसा केंद्रासाठी तेथील राममंदिर पाडले जाणार अशा बातमीने शहरात मोठा दंगा उसळला, यंत्रसामग्रीची नासधूस झाली. तरीही १८९२ मध्ये नळ सुरू झाले. पटकीने गांजलेल्या शहरास नळाचे पाणी म्हणजे वरदानच होते. परंतु त्याचा एक परिणाम कोणीही चिंतिला नव्हता. ज्या दिवशी घरात तोटी आली त्या दिवसापासून विहिरीचा आणि कुंडाचा रोजचा संबंध सुटला. पिण्याच्या पाण्यात कोणी घाण टाकीत असेल तर गल्लीतील म्हातारी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. ते पाणी पिण्याचे राहिले नाही म्हणजे ती म्हातारी स्वतःच केरसुणीचा कचरा तेथे लोटते. कायद्याहून मोठी जी राखण होती ती अशी उठली.

मग काही कुंडे आजवर का टिकली? आम्ही फिरताना याचा विचार करू लागलो तेव्हा एक गोष्ट स्पष्ट दिसू लागली. लोलार्क कुंड उरले आहे, कारण भाद्रपद शुद्ध षष्ठीस संततीच्या इच्छेने हजारो दांपत्ये तेथे स्नानास उतरतात. पिशाचमोचन उरले आहे, कारण पितृपक्षात तेथे श्राद्धासाठी रीघ लागते. लक्ष्मीकुंडास सोरहियाची यात्रा आहे. नाटोरच्या राणी भवानींनी बांधविलेल्या दुर्गाकुंडास देवीची नवरात्रे आहेत. ज्या पाण्याला वर्षातील एक दिवस आहे ते पाणी, मळलेले का होईना, जागेवर आहे. दिवस ज्यांचा गेला त्यांची जागाही गेली. मत्स्योदरीचा दिवस मात्र तिथीवर अवलंबून नव्हता, तो पुरावर अवलंबून होता. पूर अडला, दिवस गेला, आणि दिवस गेल्यावर जागा मागणारे पुढे आले.

केवळ काशीचाच हा अनुभव आहे असे नव्हे. आफ्रिकेच्या दक्षिण भागातील पाणथळ प्रदेशांची हकीगत वाचताना आम्हास वारंवार काशीची आठवण झाली. झांबियाच्या पश्चिमेस झांबेझी नदीचे बारोत्से हे विस्तीर्ण पूरमैदान आहे. तेथील लोझी लोकांचा राजा, त्याला लिटुंगा म्हणतात, पूर चढू लागला की लेआलुई येथील सखल राजधानी सोडून लिमुलुंगा येथील उंचावरच्या वाड्यात जातो. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या मोठ्या नावेतून, नगाऱ्यांच्या गजरात, प्रजेसह हा प्रवास होतो. त्यास कुओंबोका म्हणतात, म्हणजे पाण्यातून बाहेर पडणे. पूर आला की राजाने उठून त्याला वाट द्यावयाची, आणि पूर ओसरला की गाळाने पोसलेल्या जमिनीवर परत यावयाचे! आमच्या मत्स्योदरी योगाचाच हा दूरचा भाऊ म्हणावयास हरकत नाही.

त्याच खंडात दुसरे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर सेंट लुसिया नावाचे मोठे खाडीसरोवर आहे. उम्फोलोझी नदी आपले पाणी घेऊन त्याच्या मुखाशी येत असे, आणि वाटेतील दलदल तिचा गाळ गाळून घेत असे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून त्या दलदलीत उसाची शेती वाढली, पाणी चरांतून काढून देण्यात आले, आणि गाळ थेट सरोवराच्या मुखात येऊ लागला. यावर उपाय म्हणून १९५२ साली नदीला समुद्राकडे वेगळे मुख काढून दिले. गाळाचा प्रश्न सुटला असे वाटले. परंतु नदी तुटल्यामुळे दुष्काळाच्या वर्षांत सरोवरास गोड पाणी मिळेना, त्याची खारटी समुद्राहूनही वाढू लागली, मासे व पक्षी यांची दैना झाली. हा प्रदेश १९९९ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्य झाला होता, तरीही ही अवस्था आली. अखेर साठ वर्षांनी, २०१२ पासून, नदी आणि सरोवर पुन्हा जोडण्याचे काम हाती घेण्यात आले. ज्यांनी १९५२ चा चर खणला तेही प्रिन्सेपप्रमाणेच कुशल आणि सद्हेतूचे लोक होते. फरक इतकाच की तेथे जमीन अद्याप मोकळी होती म्हणून चूक दुरुस्त करावयास जागा राहिली. काशीत ती जागा घरांनी भरली आहे.

आणि त्या घरांपैकी एक आमचे आहे. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण दुसऱ्याच्या अतिक्रमणाविषयी लिहिणे फार सोपे असते. आम्ही ज्या मोहल्ल्यात भाड्याने राहतो त्याच्या नावात तलाव आहे. पहिली दोन वर्षे आम्ही ते नाव पाकिटावर लिहीत होतो, त्याचा अर्थ मनात आणीत नव्हतो. तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात एका रात्री गटारातून पाणी उलटे आले आणि तळमजल्यावरील आमच्या दोन खोल्यांत गुडघाभर साचले. मुलीची पुस्तके, धान्याचे डबे, लग्नातील पेटी, सर्व भिजले. नगरपालिकेला, ठेकेदाराला, घरमालकाला आम्ही मनसोक्त दूषणे दिली. शेजारचे वृद्ध गृहस्थ, ज्यांचा जन्म याच गल्लीतला, ते पायरीवर बसून शांतपणे एवढेच म्हणाले की आपण लहानपणी या जागी म्हशी पोहताना पाहिल्या आहेत. त्या दिवशी आमच्या दूषणांतील जोर ओसरला. आम्ही पाण्याच्या जागी राहत होतो, आणि त्या जागेचे भाडे आम्ही चुकीच्या मालकास देत होतो.

गंगेची पातळी काशीपाशी ७१.२६ मीटरवर गेली की धोका मानतात. १९७८ च्या सप्टेंबरात ती ७३.९० मीटरपर्यंत चढली होती. इतका पूर क्वचितच येतो, परंतु धोक्याची रेषा ओलांडणारे पूर पुनःपुन्हा आले आहेत, आणि प्रत्येक वेळी ते वरुणेच्या त्याच जुन्या वाटेने आत शिरून काठच्या वस्त्यांना बाहेर काढतात. या वस्त्यांत बहुधा विणकर, मजूर, हातगाडीवाले असे लोक राहतात. शहरातील स्वस्त जमीन सखल भागात असते आणि सखल भाग पाण्याचा असतो. त्यामुळे जुन्या चुकीची किंमत ज्यांनी ती केली त्यांना द्यावी लागत नाही. जी वेळ एके काळी पुण्यस्नानाची होती ती आता शाळेच्या इमारतीत उभारलेल्या छावणीत रांग लावून खिचडी घेण्याची झाली आहे.

नद्यांची अवस्था याहून वेगळी नाही. असीला कागदोपत्रीही नाला म्हणण्याचा प्रघात पडला. तिचे मुख घाटापासून दक्षिणेकडे नगव्याच्या बाजूस वळविण्यात आले. ज्या नदीवरून नगराच्या नावाचा अर्धा भाग सांगतात तिचे पात्र शोधण्यास आता वाटाड्या लागतो. वरुणेचा उगम फूलपूरकडील मैलहन तळ्यात आहे, म्हणजे तीही एका पाणथळीचीच कन्या. १४ जून १९८६ रोजी गंगा कृती योजनेचा आरंभ काशीच्याच राजेंद्रप्रसाद घाटावर झाला. त्यापूर्वीच, १९८२ मध्ये, संकटमोचन मंदिराचे महंत आणि काशी हिंदू विश्वविद्यालयातील जलशास्त्राचे प्राध्यापक वीरभद्र मिश्र यांनी गंगेच्या शुद्धीसाठी संस्था काढली होती. ते रोज गंगास्नान करीत आणि त्याच पाण्याची प्रयोगशाळेत परीक्षाही करीत. २०१३ साली ते निवर्तले. मैलापाणी शुद्ध करणारी केंद्रे तेव्हापासून वाढली आहेत, २०१८ मध्ये दीनापुरास मोठे नवे केंद्र सुरू झाले, हे मान्य केले पाहिजे. परंतु हे सर्व प्रयत्न नदीच्या मुखावर चालतात. नगराच्या पोटात जे पाणी मुरावयाचे, निवळावयाचे, ते आता थेट नाल्यात जाते, आणि नाला नदीकडे धावतो. २०२१ साली पलीकडच्या काठावरील वाळूत खोदलेला कालवा त्याच पावसाळ्यात गंगेने बुजवून टाकला. नदीचे काम नदीला विचारल्याशिवाय करू नये, एवढा धडा त्यातून घ्यावयास हरकत नाही.

कायद्याने हात आखडला आहे असेही नाही. पाणथळींच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर येथे झाला आणि आपला देश १९८२ पासून त्यात आहे. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातीलच एका गावतळ्याच्या खटल्यात, तळी ही समाजाची ठेव असून ती खाजगी घरांसाठी देता येणार नाहीत, असा स्पष्ट निवाडा दिला. २०१७ मध्ये पाणथळींसंबंधी नवे नियमही झाले. पण आपण सारे कागदावर जगणारे लोक आहोत. नोंदवहीत तळ्याचे पडीक आणि पडिकाचे आबादी होण्यास किती थोडी शाई लागते, हे आपल्याहून अधिक कोणास ठाऊक असणार? एखाद्या तालुक्याच्या कचेरीत बसलेला कारकून ती नोंद बदलण्यापूर्वी उठून एकदा ती जागा पावसाळ्यात पाहून आला, तर त्या निवाड्यास खरी किंमत येईल.

म्हणून या नियतकालिकाच्या वाचकांस आमची एक विनंती आहे. आपल्यापैकी जे काशीस येतील त्यांनी घाट अवश्य पाहावेत. तथापि एक सकाळ नदीकडे पाठ करून चालावे. मच्छोदरीपासून निघून मैदागिन, तेथून बेनियाबाग आणि मग गोदौलिया, अशी ती वाट आहे. तासा-दीड तासाचे काम. आणि जे गोरखपूर, जबलपूर, कलकत्ता किंवा आणखी कोठे असतील त्यांनी आपल्या मोहल्ल्याच्या नावात ताल, पोखर, कुंड, झील असा शब्द आहे काय हे पाहावे. बदलीच्या नोकरीत आपण कोठेच मूळचे नसतो, म्हणून कोठल्याच गावाचे देणे आपल्याला लागत नाही असे वाटते. आम्हासही तसेच वाटत होते.

मावशी नाशिकला परतावयाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पुन्हा गोदौलियास गेलो होतो. एकाएकी मोठी सर आली आणि आम्ही एका दुकानाच्या फळीखाली आसरा घेतला. पाहता पाहता चौकात पाणी जमले आणि उताराच्या अंगाने दशाश्वमेधाकडे वाहू लागले. त्यात फुलांच्या माळा, कागद, चपला, आणि न सांगण्यासारखे बरेच काही होते. मावशी वाकल्या आणि त्या पाण्यास हात लावू लागल्या. “मावशी, गटाराचे पाणी आहे ते!” म्हणून आम्ही घाईने त्यांचा हात मागे ओढला. त्या रागावल्या नाहीत. पाणी कोठून येते आणि कोठे जाते ते त्यांनी थोडा वेळ पाहिले, आणि म्हणाल्या, “वाट तर तिचीच आहे ना रे? मग घाण कोणाची?”

पहिल्या वेळेप्रमाणे या खेपेसही आम्हास उत्तर सुचले नाही. पाऊस थांबल्यावर आम्ही त्यांना घाटावर नेले. गंगेत हात धुऊन त्यांनी ओंजळ भरली आणि ती परत पाण्यात सोडताना गोदेचेच नाव घेतले.